आधी ठिणगी, मग स्क्रू

सकाळी साडेसहा

डिसेंबरातली वाईची सकाळ. कृष्णेवरचं धुकं गॅरेजच्या पायरीपर्यंत आलेलं असतं आणि शटरचं हँडल हाताला चावतं. आत रात्रभर उभी असलेली इंजिनं पार गारठलेली असतात, आणि मला ती तशीच हवी असतात. तापलेलं इंजिन पुष्कळ काही पोटात घालतं. पेट्रोल थोडं कमी-जास्त असू दे, ठिणगी जरा मलूल असू दे, ते चालत राहतं. गारठलेलं इंजिन काही झाकत नाही. म्हणून दुरुस्त केलेलं इंजिन मी त्याच संध्याकाळी कधी देत नाही. रात्रभर ठेवतो, सकाळी गार असताना चालू करून बघतो, मगच गिऱ्हाइकाला फोन.

आज चार आहेत. दूधवाल्याची स्प्लेंडर चोक ओढून दुसऱ्या किकेला लागली. भिलारच्या स्ट्रॉबेरीवाल्याचा पाठीवरचा फवारणी पंप चौथ्या दोरीला फुरफुरला, पाचव्या दोरीला धरला. पॉवर वीडर काल अंधार पडताना आलाय, त्याला अजून हात लावलेला नाही. आणि कोपऱ्यात आरएक्स 100.

ही गाडी पाचगणीच्या एका पोराची, म्हणजे त्याच्या वडलांची. यामाहाची आरएक्स 100 भारतात 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, 11 हॉर्सपॉवर. पोरानं ती आणून लावली तेव्हा हातात एक पिशवी होती. पिशवीत तीन वस्तू, तिन्ही ऑनलाइन मागवलेल्या: ‘रेसिंग’ लिहिलेली कॉईल, तसाच सीडीआय (ठिणगी सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि एक इरिडियम प्लग. कॉईलच्या खोक्यावर 40 हजार व्होल्ट छापलेलं.

‘‘काका, हे बसवा. घाटात तिसऱ्या गिअरला दम सोडतीय. आणि सकाळी किका मारून पाय दुखतो.’’

‘‘कार्बोरेटर कधी खोलला होतास?’’

‘‘तो चांगलाय. पप्पांनी मागं बघून घेतलाय.’’

त्याला मी नाही म्हटलं नाही. पैसे घालून आणलेल्या वस्तू आहेत, आणि त्याला मनापासून जाणून घ्यायचंय की गाडी ओढेल कशानं. म्हणालो, ‘‘आधी तुझं सामान बसवून बघू, मग कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चारला ये, घाटात तूच चालव.’’

आता गारठलेल्या आरएक्सला नऊ किका लागल्या. प्लग काढला तर ओला आणि काळा.

साडेआठ

हाताखालचा बारक्या आला की चहा येतो आणि चहाबरोबर दूधवाले काका. त्यांची तक्रार एव्हरेजची होती. ‘‘कार्बोरेटर सेट करून द्या’’ असं सांगून गाडी लावून गेले होते. मी कार्बोरेटरला हातही लावला नव्हता. एअर फिल्टर काढला तर पसरणी ते वाई रस्त्याची वर्षभराची धूळ त्यात बसलेली. हवा कमी झाली की तेवढ्याच पेट्रोलचं मिश्रण जड होतं. नवा फिल्टर, टॅपेट सेट, साखळीला तेल. काका पैसे देताना पुन्हा विचारतात, ‘‘स्क्रू फिरवला ना?’’ मी फिल्टर दाखवतो. ते तो हातात घेऊन उजेडाकडे धरतात आणि मान हलवतात.

ते गेल्यावर आरएक्स. ठिणगी बघायची माझी रीत ठरलेली आहे. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारून निळी ठिणगी बघायची, हे सगळेच करतात. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नये. बाहेरच्या मोकळ्या हवेत प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला फारसा जोर लागत नाही. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं, तिथे त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून माझ्याकडे दोन स्क्रूंचा एक टेस्टर आहे, टोकाला टोक, मध्ये 6 मिलिमीटरची फट. मोकळ्या हवेत एवढी उडी जी कॉईल मारते ती सिलिंडरच्या आतही कमी पडत नाही.

आरएक्सच्या जुन्या, कंपनीच्या कॉईलनं ही 6 मिलिमीटरची उडी पहिल्याच किकेला मारली. टक्, टक्, टक्. मग मी वायरीला प्लगची टोपी लावून टेस्टर टोपीला जोडला आणि किक मारता मारता बारक्याला टोपी हलवायला सांगितली. ठिणगी गेली, आली, गेली. टोपीच्या आत वायर ज्या स्क्रूवर बसते तिथली तांब्याची तार हिरवी पडून झडली होती. वायर पाव इंच मागे कापली, नवी टोपी पिळून बसवली. शंभर रुपयांच्या आतली वस्तू, आणि पोराच्या पिशवीत ती नव्हती.

इथे मला जे कळतं ते सांगतो, कारण जास्त व्होल्टच्या कॉईलनं गाडीची ताकद वाढते का, ह्या प्रश्नावर गॅरेजमध्ये रोज वाद होतात. कॉईल म्हणजे 40 हजार व्होल्ट सतत ओतणारा नळ नव्हे. सीडीआयमधला कपॅसिटर कॉईलमध्ये रिकामा होतो, कॉईलमधले व्होल्ट चढत जातात आणि प्लगच्या फटीतली हवा ज्या व्होल्टला फुटते तिथेच ठिणगी पडते. ती 12 हजारांना फुटली तर व्होल्ट 12 हजारांवर थांबले. खोक्यावरचे उरलेले 28 हजार जन्मालाच येत नाहीत. आणि ठिणगीचं काम एवढंच की मिश्रणाला एका जागी आग लावायची. पुढचा जाळ मिश्रणाचा असतो. वाळलेलं पाचट काडीनं पेटवलं काय आणि टेंभ्यानं पेटवलं काय, उष्णता पाचटात असते तेवढीच निघते.

पाचट ओलं असेल तर मात्र टेंभा लागतो, हेही तेवढंच खरं. थंडीतला चोक ओढलेला स्टार्ट, तेलानं ओला झालेला टू-स्ट्रोकचा प्लग, कॉम्प्रेशन वाढवलेलं रेसिंगचं इंजिन, फार पातळ मिश्रण, अशा ठिकाणी जोरकस ठिणगी कामाला येते. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, म्हणून त्याला कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडते. त्याचा फायदा स्टार्टिंगला होतो, स्लोला होतो. घाटातल्या तिसऱ्या गिअरला होईल का, ते आज कळेल. पोराचं सामान मी नव्या टोपीसकट बसवलं, प्लगचा गॅप कंपनीनं सांगितलाय तेवढाच ठेवला.

दहा

पॉवर वीडरचे मालक आले. मेणवलीकडचे, वयस्कर. कट्ट्यावर बसता बसताच सुरू झाले.

‘‘मेस्त्री, पावरच न्हाय त्याला. आन् दोरी वडली की हातातनं हिसकून घेतंया. परवा अंगठा मोडला असता.’’

‘‘तात्या, कुणी खोललं होतं का?’’

‘‘एकानं मॅग्नेट काढून बघितला हुता. मग त्यो म्हनला कारबोरेटर खराब हाय. नवा घातला. तरी तसंच.’’

दोरी उलटी हिसका मारते हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातून कार्बोरेटर निघून गेला. दोरी परत ओढली जाते म्हणजे पिस्टन वर पोचायच्या बराच आधी आग लागतेय आणि ती पिस्टनला खाली, उलट ढकलतेय. हा ठिणगीच्या वेळेचा दोष.

हे 163 सीसीचं, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन. ह्या जातीची इंजिनं वीडर, पाण्याचे पंप, छोटे जनरेटर अशा सगळ्यांवर असतात. ह्यात बॅटरी नाही, सीडीआयची पेटी नाही. मॅग्नेटच्या चाकात चुंबक असतो, तो कॉईलसमोरून गेला की ठिणगी. म्हणजे ठिणगी केव्हा पडणार हे चाक शाफ्टावर नेमकं कुठे बसलंय त्यावर ठरतं. आणि चाक तिथे धरून ठेवतो तो मधला नट. अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते ती फक्त जागा दाखवायला. जोर नट आणि शाफ्टाचा उतार घेतात.

पंख्याचं झाकण काढलं, नटाला पाना लावला. नट हातानं फिरला म्हणावं इतका सैल होता. पुलर लावून चाक काढलं आणि चावी तात्यांच्या तळहातावर ठेवली. चावीचा वरचा अर्धा भाग खालच्या भागावरून सरकलेला, मध्ये चकचकीत पायरी. ‘‘आबाबा,’’ तात्या म्हणाले आणि नखानं ती पायरी चाचपत राहिले. शेतात दगड लागून इंजिन एकदम अडलं असेल, जड चाक आपल्या वेगानं पुढे सरकलं, सैल नटानं ते सरकू दिलं.

किती सरकलं? डोळ्याच्या अंदाजानं एक मिलिमीटर. त्या जागी शाफ्ट 20 मिलिमीटरचा धरला तर घेर 63 मिलिमीटरच्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ 6 अंश. ह्या इंजिनांत ठिणगी पिस्टन वर पोचायच्या 20 ते 25 अंश आधी पडायला ठरवलेली असते. त्यात आणखी 6 अंश घाई. तेवढ्यानं इंजिनाची ताकद गेली, दोरीनं अंगठा मोडायची वेळ आणली आणि एका चांगल्या कार्बोरेटरला भंगारात पाठवलं. मला त्या कार्बोरेटरचं वाईट वाटतं. तात्यांनी तो पिशवीत घालून जपून ठेवला होता, तो मी साफ करून सुटा भाग म्हणून त्यांनाच परत दिला.

नवी चावी. शाफ्टाचा आणि चाकाचा उतार कोरड्या फडक्यानं पुसून घेतला, तिथे तेल नको असतं. नट टॉर्क पान्यानं आवळला. कॉईल आणि चाक यांच्यातली फट फिलर गेजनं 0.4 मिलिमीटर. झाकण उघडंच आहे म्हणून व्हॉल्व्हही बघितले: आत येणारा 0.15, बाहेर जाणारा 0.20 मिलिमीटर. बाहेरचा पार बिनफटीचा झाला होता, तो सोडवला. मग तात्यांनाच दोरी ओढायला सांगितली. त्यांनी आधी अंगठा दोरीच्या मुठीवरून काढून घेतला, मग भीतभीत ओढली. दुसऱ्या दोरीला इंजिन लागलं आणि दोरी शहाण्यासारखी आत गेली.

साडेअकरा

आरएक्स घेऊन घाटाच्या पायथ्याशी. पसरणीचा घाट आमची प्रयोगशाळा आहे. वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या आसपास, पाचगणी 1,300च्या जवळ. बारा-तेरा किलोमीटरांत एवढी चढण असली की इंजिनाला खोटं बोलता येत नाही. सुट्टीच्या दिवशी इथे गाड्यांची रांग असते. आज मंगळवार, रस्ता मोकळा. दोन किलोमीटर-दगडांमधला एक तुकडा मी वर्षानुवर्षं धरलाय, वळण एकच आणि चढ एकसारखा. तिसरा गिअर, पहिल्या दगडाला ठरलेला वेग, तिथून पूर्ण मूठ, दुसऱ्या दगडापर्यंत. खिशात फोनचं घड्याळ.

गाडी चालू मात्र एका किकेला झाली होती. पोरगा असता तर खूश झाला असता. पण चढावर तेच. निम्म्या मुठीपर्यंत घरघर, पूर्ण मूठ दिल्यावर थोडी सुटली आणि मग कुणी मागून धरल्यासारखी सपाट झाली. नवं सामान असताना दोनदा, मग रस्त्याकडेला थांबून जुनी कॉईल, सीडीआय आणि जुना प्लग लावून, नवी टोपी तशीच ठेवून, दोनदा. घड्याळात फरक सेकंदाच्या आतला. तेवढा तर माझ्या अंगठ्याच्या उशिरानंही पडतो.

शेवटच्या खेपेला पूर्ण मुठीवर असतानाच क्लच दाबून चावी बंद केली आणि गाडी कडेला घरंगळत आणली. प्लग गरम असतानाच काढला. मध्ये पांढरा पडलेला सिरॅमिक, कडेला काळी काजळी. स्लोला जड, पूर्ण मुठीला पातळ. एकाच गाडीत दोन उलटे दोष. पूर्ण मुठीला पातळ चालणारं टू-स्ट्रोक घाटात पिस्टन चिकटवतं. ह्यापुढे मी मूठ ओढली नाही, उतारानं शांत खाली आलो.

दीड

डबा. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. बारक्या मोबाइलवर, मी कट्ट्यावर.

जेवताना वस्ताद आठवले. साताऱ्यात मी त्यांच्याकडे तीन वर्षं होतो, सगळा धंदा बजाजच्या स्कूटरींचा. त्या स्कूटरींत सीबी पॉइंट असायचे: दोन टोकं उघडली की ठिणगी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते. टोकं जळतात, कंडेन्सर जातो. 0.4 मिलिमीटरची फट महिन्या-दोन महिन्यांनी परत बघावी लागायची. वस्ताद सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून चाक हळू फिरवायचे. कागद सुटला तो क्षण म्हणजे टाईमिंग. त्यांच्या बोटांना कागद सुटल्याचं कानाला ऐकू यावं तसं कळायचं.

पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या स्कूटरी आल्या आणि त्या कामातली निम्मी कटकट एका वर्षात संपली. इग्निशन बदलल्यानं गाडी सुधारते असं कुणी म्हटलं की मला तीच सुधारणा आठवते, आणि ती खरी होती. आजही कुणी जुनी जावा किंवा पॉइंटवाली बुलेट घेऊन आला तर मी स्वतः सांगतो, इलेक्ट्रॉनिक करून घे. हॉर्सपॉवर वाढते म्हणून नाही. पहिल्या दिवशी जी ठिणगी जिथे पडते ती सहा महिन्यांनीही तिथेच पडते, म्हणून. पण आरएक्स 100 कंपनीतून निघाली तीच सीडीआय घेऊन. तिथे ती उडी 1985 सालीच मारून झालीय.

अडीच

आता कार्बोरेटर. 20 मिलिमीटरचा मिकुनी, मुठीत मावणारा. मी तो पांढऱ्या फडक्यावर खोलतो, म्हणजे निघालेला कण न् कण दिसतो.

वाटीच्या तळाशी तांबूस गाळ आणि दोन हिरवट ठिपके, पाण्याच्या खुणा. पंपावर आता मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल; इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ते वाटीत साचतं. पायलट जेट काढून उजेडाकडे धरलं. भोक केसाएवढं, त्यातून आभाळ गोल दिसलं पाहिजे. मला दिसली ती चिंचोळी फट. तारेनं खरवडायचं नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून, हवा मारून, पुन्हा भिजवून, पुन्हा हवा. चौथ्या वेळी आभाळ गोल झालं.

म्हणजे स्लोचं जेट चोंदून मिश्रण पातळ व्हायला हवं होतं, पण प्लग काळा. कारण वरची सुई. ती ज्या नळीत वर-खाली होते त्या नळीचं भोक तीस वर्षांच्या ठोक्यांनी एका बाजूला लांबट झालेलं, भिंगाशिवायही दिसेल एवढं. सुईभोवती फट वाढली की पाव ते पाऊण मुठीपर्यंत पेट्रोल जास्तच जातं. मग स्लोच्या वेळी गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी हवेचा स्क्रू पार आत पिळून ठेवलेला. ह्या कार्बोरेटरात तो स्क्रू हवेचा आहे, आत घेतला की हवा कमी. एका दोषावर दुसऱ्या दोषाचं ठिगळ.

मग मेन जेट. कंपनीच्या आकड्यापेक्षा लहान. ‘पप्पांनी बघून घेतलाय’ म्हणजे काय झालंय ते आता कळलं: एव्हरेजसाठी कुणीतरी बारीक जेट टाकून दिलेलं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9 पट. 20 टक्के मिसळीला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढीच हवा आत घेणाऱ्या इंजिनाला आता पेट्रोल जरा जास्त द्यायला हवं, आणि इथे ते उलट कमी केलेलं. जेटची भोकं दिसायला बारीक, पण हिशेब क्षेत्रफळाचा असतो. 0.90 मिलिमीटरचं भोक 0.95 केलं तर पेट्रोलची वाट 11 टक्क्यांनी रुंदावते. एवढ्याशा फरकावर पिस्टन वाचतो किंवा जातो.

नवी नळी आणि सुई सुदैवानं माझ्या डब्यात होती. मेन जेट मी कंपनीच्या आकड्यापेक्षा एक नंबर वर घातलं. दोन नंबर वर घालायचा मोह होतो, पण ही गाडी राहते पाचगणीत. उंचावर हवा विरळ, म्हणून तेच जेट तिथे आपोआप थोडं जड पडतं. इथेनॉलनं पातळ झालेलं निम्मंअधिक तिथेच भरून निघतं. वाईला बरोबर बसलेला कार्बोरेटर वर थोडा जड पडेल, आणि वर बरोबर बसलेला खाली वाईत पातळ पडेल. पोरगा रोज दोन्हीकडे जातो. एक नंबर ठीक.

फ्लोटची उंची, नवी गास्केट, हवेचा स्क्रू दीड फेरा बाहेर, जुन्या प्लगच्या जागी पुन्हा इरिडियम. सायलेन्सरचा आतला पाइप काढला तर कोळशाची नळीच. बारक्यानं तो बाहेर नेऊन जाळून झटकला. हा खरं तर मी दुसरा बदल मोजायला हवा. कार्बोरेटर आणि सायलेन्सर एकत्र केल्यानं घाटातलं श्रेय कुणाचं किती हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण चोंदलेल्या सायलेन्सरवर जेट बसवणं म्हणजे पुन्हा ठिगळच.

चार

पोरगा वेळेवर आला. आधी मी चालवली, मग त्याला दिली. पहिल्या दगडाशी मी उभा, बारक्या दुसऱ्या दगडाशी. आवाजानंच कळलं. निम्म्या मुठीची घरघर गेली होती, आणि पूर्ण मुठीला ती मागून धरल्यासारखी थांबत नव्हती. आरएक्सचा तो टणक, एकसलग आवाज वळणाआडून ऐकू येत राहिला. ह्या खेपेला वेळ कमी लागला तो अंगठ्याच्या उशिरात बसण्याएवढा नव्हता. वळून येताना पोरानं हेल्मेटची काच वर केली, बोलला काहीच नाही, पण पुन्हा एकदा गाडी वर घेऊन गेला.

मग त्याची कॉईल आणि सीडीआय पुन्हा लावून एक खेप. त्यानंच चालवली, म्हणजे माझ्या मनातलं घड्याळात शिरायला नको.

‘‘काय वाटतं?’’

‘‘काका, मला तर सारखीच वाटली.’’ जरा थांबून: ‘‘मग हे सगळं वाया गेलं का?’’

‘‘प्लग राहू दे. थंडीत पाचगणीला सकाळी उपयोग आहे त्याचा. कॉईल खोक्यात ठेव, तुझी जुनी एक दिवस जाईल तेव्हा चालेल. सीडीआय मात्र मी बसवणार नाही. त्याचं टाईमिंग कसं पुढेमागे होतं ते खोक्यावर लिहिलेलं नाही. टू-स्ट्रोकला वरच्या फेऱ्यांत दोन-चार अंशांची घाई झाली तर कदाचित ओढेलही जास्त, आणि एक दिवस पिस्टनला भोक पाडेल. आपल्याकडे ते मोजायचं साधन आहे, पण त्याला एक अख्खा दिवस लागेल. करायचं असेल तर जानेवारीत ये, टाईमिंग लाइट लावून दोघं बघू.’’

इरिडियम प्लग काढून त्याच्या हातात दिला. मधला सिरॅमिक बिस्किटाच्या रंगाचा झाला होता, मारी बिस्किट भाजतं तसा. सकाळचा जुना, पांढरा-काळा प्लग मी मुद्दाम ठेवला होता, तोही दिला. त्यानं दोन्ही प्लग उन्हात शेजारी शेजारी धरले आणि फोटो काढला. मग नवा मी परत बसवला.

साडेपाच

भिलारचा शेतकरी पंप न्यायला आला. स्ट्रॉबेरीला उद्या फवारणी आहे, त्याला घाई. त्याचं पेट्रोल मी ओतून टाकलं होतं. पावसाळ्यापासून कॅनमध्ये राहिलेलं, तळाला पाण्याचा थर धरलेलं. पंपाच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळून जातं. जेट चोंदून पेट्रोल कमी झालं की तेलही कमी होतं, ही गोष्ट मी त्याला दोनदा सांगतो, कारण ब्लॉक-पिस्टनचा खर्च त्याच्याच माथी बसतो. ‘‘वापरून झालं की टाकी रिकामी कर आणि बंद पडेपर्यंत चालू ठेव, वाटीत थेंब राहता कामा नये.’’ तो हो म्हणतो. सगळेच म्हणतात.

2020च्या एप्रिलनंतर निघालेल्या मोटारसायकलींत कार्बोरेटर जवळपास दिसत नाही, पेट्रोल कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरमधून जातं. बारक्याला मी तेही शिकायला लावलंय, पुढच्या महिन्यात स्कॅनर येईल. पण वीडर, पंप, ग्रास कटर, जनरेटर ह्यांच्यात कार्बोरेटर अजून बरीच वर्षं राहणार. शेतातलं छोटं इंजिन बंद पडलं तर दिवसाची मजुरी जाते, आणि ते घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा स्क्रूच फिरवून आलेला असतो. कुठल्या स्क्रूवर किती फेरे हे त्याला आठवत नाही. म्हणून बारक्याला मी एक सवय लावलीय: स्क्रूला हात लावायच्या आधी तो आत पिळून किती फेरे होता ते मोजायचं आणि खडूनं टाकीवर लिहायचं.

सात

पोरगा अजून कट्ट्यावर होता. त्याला गाडी घेऊन जायचं होतं.

‘‘आज नाही.’’

‘‘आता तर मस्त चालतीय की.’’

‘‘आता ती तापलीय. स्क्रू दीड फेऱ्यांवर ठेवलाय, तो बरोबर आहे का हे सकाळी सहाला कळेल. तू एसटीनं जा. उद्या दहानंतर ये.’’

त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण पिशवीत कॉईल आणि सीडीआय घालून तो स्टँडकडे गेला. जाताना जुना प्लग खिशात टाकायला विसरला नाही.

बारक्यानं फडकी गोळा केली, पेट्रोलचा ट्रे झाकला. मी आरएक्सचा पेट्रोल कॉक बंद केला, चोक जागेवर आहे ना बघितलं, आणि टाकीवर खडूनं लिहिलेल्या ‘दीड’ला हात लागू न देता गाडी भिंतीकडे सरकवली, जिथे पहाटे सगळ्यात जास्त गारवा येतो.